न दिसणाऱ्या जखमेची वकिली

हात मोडला म्हणजे तो गळ्यात अडकवलेला दिसतो. पाय गेला म्हणजे कुबडी दिसते. असा मनुष्य न्यायाधीशांच्या समोर उभा राहिला की त्याच्या वकिलाचे निम्मे काम त्या कुबडीनेच केलेले असते. परंतु डोक्याला मार बसून ज्याच्या मेंदूस दुखापत झाली, तो वर्ष-दीड वर्षाने न्यायालयात येतो तेव्हा टाके सुकलेले असतात, केस पुन्हा वाढलेले असतात, अंगात धुतलेला सदरा असतो आणि आपले नाव, गाव, वय तो बिनचूक सांगतो. ह्या मनुष्यास झाले तरी काय, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडतो. आणि विमा कंपनीचे वकील तोच प्रश्न मोठ्याने विचारतात. त्याचे उत्तर देण्याची विद्या वकिलाने कोठे व कशी शिकावी, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

बेळगाव आणि निपाणी ह्या सीमाभागास हा विषय परका नाही. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ४ आणि आताचा ४८, कागल ओलांडून कर्नाटकात शिरतो आणि निपाणी, संकेश्वर असा बेळगावास येतो. त्याच रस्त्यावर अवजड मालमोटारी, उसाचे ट्रॅक्टर आणि कामावर निघालेले दुचाकीस्वार एकमेकांच्या शेजारून धावत असतात. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली व ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांपैकी शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचे होते. दुचाकीवरून फेकला गेलेला मनुष्य बहुधा डोक्यावर आपटतो, हे सांगावयास तज्ज्ञाची जरुरी नाही. जे जगले त्यांपैकी अनेकांच्या घरी त्यानंतरची कहाणी सुरू होते.

प्रथम दुखापतीचे स्वरूप पाहू. मेंदू मऊ असतो आणि कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. वेगाने जाणारे डोके एकाएकी थांबले की कवटी थांबते, पण आतला मेंदू क्षणभर पुढे जातो, पिळवटतो, आणि त्यातील बारीक तंतू ताणले जाऊन तुटतात. १९७१ साली लंडनमध्ये प्रथम वापरात आलेले सी. टी. स्कॅनचे यंत्र हाडाची चीर आणि साकळलेले रक्त उत्तम दाखविते. परंतु हे तुटलेले तंतू त्यात दिसतीलच असे नाही. म्हणून रुग्णालयाच्या कागदावर ‘सी. टी. नॉर्मल’ असे लिहिलेले असणे आणि मेंदू शाबूत असणे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. तशीच गोष्ट ग्लासगो मोजपट्टीची. १९७४ साली ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट ह्या दोन वैद्यांनी ती प्रसिद्ध केली. रुग्ण डोळे कसे उघडतो, बोलतो कसा आणि हातपाय कसे हलवितो, ह्यांवरून ३ ते १५ असे गुण दिले जातात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे तीव्र दुखापत. १३ ते १५ म्हणजे सौम्य. ह्यातला ‘सौम्य’ हा शब्द पहिल्या काही तासांतील स्थितीविषयी आहे. सौम्य दुखापत झालेले बहुसंख्य लोक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात, हे खरे. पण काही होत नाहीत, हेही तितकेच खरे. वकिलाने तो शब्द भविष्यवाणी म्हणून वाचला की खटला तेथेच दुबळा होतो.

ज्याची अशी जखम बरी झाली नाही, त्याचे काय जाते? स्मरण जाते, पण सगळे नव्हे. जुने सारे आठवते आणि सकाळचे विसरते. कामांचा क्रम लावता येत नाही. थोडक्या कारणाने संताप येतो. दोन माणसे एकदम बोलू लागली की डोके दुखते. कित्येकांचा वास घेण्याचा गुण कायमचा नाहीसा होतो. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, ह्यांतील पुष्कळांना आपल्यात काही बदल झाला आहे ह्याची जाणीवच नसते. ती जाणीव ज्या मेंदूने व्हावयाची, तोच दुखावलेला असतो.

वकिलाच्या दृष्टीने सारी अडचण येथे आहे. अन्य कोणत्याही दुखापतीत जखमी मनुष्य हा आपल्या वेदनेचा सर्वांत चांगला साक्षीदार असतो. येथे तो सर्वांत कच्चा साक्षीदार ठरतो. उलटतपासणीत त्याला विचारले जाते, ‘तुम्ही आता बरे आहात ना?’ तो ताठ मानेने सांगतो, ‘होय साहेब, मला काही झालेले नाही.’ नोंद होते, आणि कुटुंबाच्या पुढील तीस वर्षांचा प्रश्न एका वाक्यात निकालात निघतो. दहा मिनिटांच्या साक्षीत तो नीट बोलतो. तीन तासांच्या कामानंतर त्याचे काय होते, हे न्यायालयास कोणी दाखविलेलेच नसते.

मग साक्षीदार कोण? ह्याचे उत्तर वैद्यकाच्या इतिहासातील एका प्रसिद्ध प्रसंगात सापडते. १८४८ साली अमेरिकेच्या व्हरमाँट प्रांतात रेल्वेमार्गाच्या कामावर सुरुंग ठासत असता फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली सुमारे साडेतीन फुटांची लोखंडी पहार कवटी फोडून वर निघून गेली. तो वाचला, चालू लागला, बोलू लागला. डॉक्टर हार्लो ह्यांनी १८६८ साली त्याचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. अपघातापूर्वी ज्या कंत्राटदारांना गेज हा आपला सर्वांत कर्तबगार मुकादम वाटत होता, त्यांनाच त्याच्या स्वभावातील पालट पाहून त्याला पुन्हा त्या जागेवर घेणे शक्य वाटले नाही, ही गोष्ट त्यांनी नोंदविली. मेंदूचे छायाचित्र घेण्याचे साधन नसलेल्या त्या काळी दुखापतीचा खरा पुरावा रोज बरोबर काम करणाऱ्यांनी दिला. गेजने पुढे चिली देशात काही वर्षे घोडागाडी हाकून उपजीविका केली, हेही विसरता कामा नये. अशा दुखापतीत सुधारणा होऊ शकते, आणि जो वकील ते नाकारतो तो न्यायालयाचा विश्वास गमावतो.

कायदा ह्या बाबतीत आंधळा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मध्ये ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ ह्या खटल्यात अपंगत्वाचा टक्का आणि कमाईच्या शक्तीची हानी ह्यांत स्पष्ट भेद केला. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा वाहनचालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते. तोच हात गेलेला सरकारी कारकून नोकरीत राहू शकतो. दाखल्यावरचा टक्का एकच, पण हानी निराळी. जखमीवर ज्याने कधी उपचार केले नाहीत अशा डॉक्टराच्या आयत्या दाखल्यावर विसंबू नये, न्यायाधिकरणाने मूक प्रेक्षक होऊन बसू नये आणि साक्षीस येणाऱ्या डॉक्टरांचा वेळ वाया जाणार नाही अशी व्यवस्था करावी, असेही त्या निकालात बजावले आहे.

ह्या भेदाची किंमत पैशांत किती, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. निपाणीच्या एखाद्या तंबाखूच्या वखारीत हिशेब ठेवणारा तीस वर्षांचा दिवाणजी महिन्यास १५,००० रुपये मिळवितो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ सालच्या घटनापीठाच्या निकालाने ठरविलेले प्रमाण लावून भावी वाढीचे शेकडा ४० मिळविले म्हणजे २१,००० होतात. ह्या वयास २००९ सालच्या निकालाप्रमाणे गुणक १७. संपूर्ण कमाईची हानी ४२,८४,००० रुपये येते. दाखल्यावर २० टक्के लिहिले आणि वकिलाने तेवढेच वाचून दाखविले, तर कमाईपोटी ८,५६,८०० रुपये मिळतील. परंतु पोत्यांचा आकडा ज्याच्या डोक्यात टिकत नाही, बेरीज अर्ध्यावर सोडून जो उठून जातो, तो दिवाणजीचे काम करू शकत नाही, हे शाबीत होऊन ७० टक्के हानी मान्य झाली, तर २९,९८,८०० रुपये मिळतील. ह्या दोन रकमांमध्ये २१,४२,००० रुपयांचे अंतर आहे आणि ते बव्हंशी वकिलाच्या तयारीवर अवलंबून आहे.

ही केवळ कागदावरची गणिते नाहीत. हरियाणातील एका बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूस २००७ सालच्या अपघातात जबर दुखापत झाली. न्यायाधिकरणाने तिला सुमारे ११ लाख दिले, उच्च न्यायालयाने सुमारे २५ लाख ७८ हजार, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार. तिच्या शुश्रूषेसाठी लागणाऱ्या दोन मदतनिसांचा आयुष्यभराचा खर्चच त्यात २१ लाख ६० हजार रुपये धरला आहे. दुखापत तीच होती. ती मोजण्याची रीत बदलली. मध्यंतरी बारा वर्षांहून अधिक काळ गेला. प्रारंभीच पुरावा नीट मांडला गेला, तर इतका लांबचा प्रवास करण्याची पाळी अनेक कुटुंबांवर येणार नाही.

म्हणून वकिलास शिकवावयाची पहिली गोष्ट म्हणजे घर पाहणे. कचेरीत बसून दावा अर्ज लिहिण्यापूर्वी त्याने जखमीच्या घरी जावे आणि एका दिवसाचे वेळापत्रक लिहून काढावे: सकाळी उठवावे लागते की आपण होऊन उठतो, आंघोळीची आठवण कोण करते, गॅस कितीदा उघडा राहिला, मुले त्याच्या जवळ जातात की दूर बसतात. पत्नी, आई, शेजारी, मुकादम, मुलांचे शिक्षक हेच येथले साक्षीदार. विडी वळणाऱ्या स्त्रीस हजारावर मजुरी मिळते. अपघातापूर्वी व नंतर ती दिवसास किती विड्या वळीत होती, हे नोंदवहीवरून दिसते. असा एक आकडा दहा विशेषणांपेक्षा अधिक बोलतो.

दुसरी गोष्ट भाषेची. हिचे महत्त्व सीमाभागात जितके आहे तितके क्वचितच अन्यत्र असेल. घरची भाषा मराठी, कनिष्ठ न्यायालयाच्या कामकाजाची कन्नड, आणि रुग्णालयाचे कागद इंग्रजी, अशा तीन भाषांतून एकाच दुखापतीची हकीकत जाते. स्मृती, अवधान व निर्णयशक्ती ह्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थेत होतात; त्या रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत व त्याच्या शिक्षणास अनुरूप झाल्या नाहीत, तर कमी पडलेले गुण दुखापतीचे की परभाषेचे, हे कोणासही सांगता येणार नाही. त्या कोणत्या भाषेत घेतल्या, हा प्रश्न वकिलाने प्रथम विचारला पाहिजे. शिवाय मराठीत ‘डोक्यावर परिणाम झाला’ हे शब्द अक्षरशः खरे असतानाही वेडाचा डाग म्हणून ऐकले जातात. धाकट्या बहिणीचे लग्न मोडेल ह्या धास्तीने घरची माणसे ते बोलतच नाहीत. ‘थोडा विसरभोळा झालाय, एवढेच’ असे सांगून गप्प बसतात. हा संकोच ओळखून, जखम आणि वेड ह्यांतील फरक कुटुंबास समजावून सांगणे, हेही वकिलाचेच काम आहे.

तिसरी गोष्ट कागदांची. रुग्णवाहिकेतील नोंद, पहिल्या तासातील ग्लासगोचे गुण, शुद्ध किती वेळ हरपली, शुद्धीवर आल्यानंतरचे किती दिवस आठवत नाहीत, ह्या नोंदी पुढे पुन्हा निर्माण करता येत नाहीत. मेंदूस मार बसलेला मनुष्य अडखळत बोलतो, झोकांड्या खातो. त्याला कोणी मद्यपी समजून तशी नोंद केली, तर ती खटल्याच्या अखेरीपर्यंत त्याचा पाठलाग करते. रक्ताची तपासणी झाली होती की केवळ अंदाज लिहिला होता, हे वकिलाने शोधलेच पाहिजे.

चौथी गोष्ट मुदतीची. मोटार वाहन कायद्यातील २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणे, १ एप्रिल २०२२ पासून, अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावयाचा आहे. ह्या तरतुदीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. तथापि शहाण्या वकिलाने त्यावर विसंबून राहू नये. ही दुखापत स्वतःचे खरे रूप सावकाश दाखविते आणि मुदत मात्र धावत असते. यास्तव दावा वेळेत दाखल करावा आणि कायमच्या हानीचा पुरावा प्रकृती स्थिरावल्यावर द्यावा, ही दुहेरी चाल शिकावी लागते. दावा अपघाताच्या ठिकाणी, दावेदाराच्या राहत्या ठिकाणी किंवा प्रतिवादीच्या ठिकाणी लावता येतो. कागलजवळ जखमी झालेल्या निपाणीकराने कोल्हापुरास जावे की बेळगावास, हा निर्णय साक्षीदारांची सोय, त्यांची भाषा आणि उपचार करणारे डॉक्टर ह्यांचा विचार करून घ्यावा.

ह्यापुढे जबाबदारीचा प्रश्न येतो. अशील स्वतःचे हित ओळखू शकत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेतील ३२व्या आदेशाच्या तत्त्वाप्रमाणे त्याच्या वतीने वादमित्र नेमून घ्यावा लागतो. पण प्रत्येक जखमीचा आवाज काढून घेणे हाही अन्याय होय. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता येत असेल, तर असा मनुष्य कायद्याने साक्ष देऊ शकतो. त्याची साक्ष सकाळी घ्यावी, प्रश्न आखूड असावेत, मध्ये विसावा मागावा. निकालानंतर मिळालेली मोठी रक्कम अशा मनुष्याच्या हातून, किंवा त्याच्या भोवती जमणाऱ्यांच्या हातून, वर्षभरात नाहीशी होऊ शकते. म्हणून ती मुदत ठेवीत राहील आणि व्याज घरखर्चास मिळेल, असा हुकूम मागून घेणे हे वकीलपत्राचे शेवटचे कर्तव्य आहे.

विमा कंपनीच्या वकिलासही हेच शिक्षण हवे. खोटे दावे येतात, अतिशयोक्ती होते, आणि तिचा भार अखेर सर्व विमेदारांवर पडतो. परंतु जाणकार प्रतिपक्ष जखमीला पेचात पकडण्यात वेळ दवडीत नाही. चाचणीत जाणूनबुजून कमी प्रयत्न केला गेला का, जुना आजार होता का, सुधारणेस वाव आहे का, हे तो तज्ज्ञास विचारतो. दोन्ही बाजू तयार असल्या की न्यायाधीशांपुढे प्रकाश पडतो.

आता हे शिक्षण द्यावे कसे? व्याख्यानाने हे येत नाही. पोहणे जसे काठावर उभे राहून शिकता येत नाही, तशी तपासणीही पुस्तकातून शिकता येत नाही. अमेरिकेत १९७१ साली स्थापन झालेल्या खटला-वकिलीच्या राष्ट्रीय संस्थेने ‘करून शिकणे’ हीच पद्धत स्वीकारली. शिकणारा वकील उभा राहतो, प्रश्न विचारतो. शिक्षक त्याला थांबवितो, चूक दाखवितो, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावयास लावतो. उदाहरणार्थ, नवशिका वकील दावेदाराच्या पत्नीस विचारील, ‘अपघातानंतर तुमच्या यजमानांची स्मरणशक्ती कमी झाली, हे खरे ना?’ हा सूचक प्रश्न. त्यावर आक्षेप येणार, आणि ‘होय’ ह्या उत्तरास मोलही नाही. शिक्षक सांगेल: तिला गेल्या बाजाराच्या दिवसाची हकीकत विचारा. मग ती आपल्या शब्दांत सांगू लागते, ‘ह्यांना मीठ आणि तेल आणायला पाठवलं. तासाभरानं रिकाम्या हातानं आले. पिशवी कुठं म्हटलं तर माझ्यावरच ओरडले. पूर्वी हेच सगळ्या गल्लीचा बाजार आणायचे, यादी न करता.’ न्यायालयास त्या क्षणी जखम दिसते.

अशी कार्यशाळा भरविण्यास बेळगावाइतके सोयीचे गाव शोधूनही सापडणार नाही. कॅम्पातून निघाले तर जिल्हा न्यायालय, टिळकवाडीतील १९३९ सालचे राजा लखमगौडा विधी महाविद्यालय आणि नेहरूनगरातील १९६३ सालचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय, ही सारी एका शहरात आहेत. कायद्याच्या विद्यार्थ्याने दोन दिवस मेंदूविकारांच्या कक्षात घालवावेत. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एक दिवस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीचा अनुभव घ्यावा. साक्षीस जाण्याचे नाव काढताच डॉक्टरांच्या कपाळास आठ्या पडतात, त्याचे मोठे कारण अपरिचय हे आहे. अभिरूप न्यायालयाचे कामकाज मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत चालावे, आणि एका भाषेतील साक्ष दुसऱ्या भाषेत नोंदविताना काय गळते, ह्याची तेथे उघड तपासणी व्हावी. त्यासाठी नवी इमारत नको, की मोठा निधी नको. ज्येष्ठ वकिलांनी व डॉक्टरांनी वर्षातून चार शनिवार दिले तरी आरंभ होईल.

ह्या शिक्षणाचा लाभ ज्यांना व्हावयाचा, ते मागणी करावयास येणार नाहीत. ज्याचा मेंदू दुखावला आहे तो आपल्याला काही झाले नाही म्हणत राहील, आणि त्याची पत्नी लाजेने बोलणार नाही. अशा कुटुंबाच्या वतीने बोलण्यासाठीच वकिलाच्या हाती वकीलपत्र दिलेले असते. ते हाती घेण्यापूर्वी ह्या जखमेची ओळख करून घेणे, एवढी अपेक्षा समाजाने वकीलवर्गाकडून करावी, आणि वकीलवर्गाने ती पुरी करावी.